मदत हवी आहे: बाबांच्या पोटातली जाळी शरीर नाकारतंय का?

सत्तरीकर: बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी बसवली. आता टाक्यांच्या बाजूला लिंबाएवढी सूज आलीय, दाबली की आत पाणी हलल्यासारखं लागतं. डॉक्टर म्हणतात थांबा. किती थांबायचं? चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला बाबाच लागतात. शरीर जाळी नाकारत असेल तर कळतं कसं? लवकर सांगा.

शापोरा: कुठली जाळी? प्लास्टिकची की जनावराची? ऑपरेशन कधी झालं? ताप आहे? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सत्तरीकर: महिना व्हायचाय अजून. ताप नाही. डिस्चार्ज कार्डावर 'पोर्साइन डर्मल मॅट्रिक्स' लिहिलंय.

बकुळ: म्हणजे डुकराची कातडी. घाबरू नका, पेशी धुऊन काढलेल्या असतात, उरतं ते कोलॅजन, कातडीला बळ देणारं प्रथिन. शरीर त्याला परकं मानतच नाही. रात्री हळदीचं दूध द्या.

शापोरा: बकुळताई, 'मानतच नाही' हे चूक. 2001 साली व्हिएन्नात पेशी काढलेल्या डुकराच्या झडपा 4 मुलांच्या हृदयात बसवल्या, 3 दगावली. झडपांत जबर दाह सापडला. पेशी गेल्या तरी डीएनएचे तुकडे, अल्फा-गॅल नावाची साखर मागे राहू शकते, आणि त्या साखरेविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या रक्तात आधीपासूनच असतात.

सत्तरीकर, प्रतिकार होतोच, तो पुढे कसा वळतो ते महत्त्वाचं. आधी मॅक्रोफेज, म्हणजे परकं ते गिळणाऱ्या संरक्षक पेशी, जाळीवर तुटून पडतात. नीट चाललं तर त्या हळूहळू दुरुस्तीला लागतात, रक्तवाहिन्या शिरतात, बाबांचं स्वतःचं कोलॅजन तिथे धरतं. दाह रेंगाळला तर जाळी विरते, नाहीतर तिच्याभोवती कवच होतं. पण पाणी हलतंय म्हणजे बहुधा सीरोमा, साचलेला द्रव. सोनोग्राफीत कळेल. लाली, ताप, पू दिसला तर त्याच दिवशी सर्जनकडे जा.

बकुळ: झडपेतून रक्त वाहतं, पोटाच्या भिंतीशी तुलना कशाला? माझ्या दिरांना हीच जाळी आहे, ठणठणीत आहेत.

फोंडेकर: दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारचा आरोग्य विमा) जाळीचे पैसे बसतात का, तेही विचारून घ्या.

सत्तरीकर: पैशांचं विचारलंच नाही हो. सुईने पाणी काढून घेतलं तर?

शापोरा: ते सर्जनच ठरवतील. सुईवाटे जंतू आत गेले तर जाळीच काढावी लागेल. आणि माटोळी यंदा तुम्ही बांधा. नारळाचा घड डोक्यावर उचलताना सगळा जोर पोटावर येतो. ड्रेन, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी, घातला होता का? कधी काढला?