प्रतिसाद: ग्रंथी शिल्लक असूनही लाळ का सुटत नाही?

शोग्रेन सिंड्रोममध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रू ग्रंथींवर हल्ला करते तो आजार) 'लाळग्रंथी नष्ट होते म्हणून तोंड कोरडं पडतं' असं सांगितलं जातं, पण हे स्पष्टीकरण अर्धंच आहे. बायोप्सीत (ग्रंथीचा छोटा तुकडा काढून तपासताना) बऱ्याच लाळपेशी शाबूत दिसतात, तरी लाळ कमीच असते. बिघाड संदेशवहनातही असतो. एरवी ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूतून येणारं संदेशरसायन लाळपेशीवरच्या एम३ रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, पेशीच्या आत आयपी३ हा निरोप्या रेणू तयार होतो, पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, क्लोराइड बाहेर पडतं आणि ॲक्वापोरिन-५ या पाण्याच्या वाटेतून पाणी त्यामागे जातं. दाहात ही साखळी मध्येच तुटते.

दाह टिकवण्यात ग्रंथीच्या पेशींचाही हात असतो, हे फार महत्त्वाचं! टाइप-१ इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या संदेश-प्रथिनांमुळे ग्रंथीच्या पेशींत जॅक-स्टॅट हा संदेशमार्ग चालू होतो, त्या पेशी बाफ हे प्रथिन सोडतात आणि त्यामुळे बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त काळ जगतात.

पिलोकार्पिन हे लाळ वाढवणारं औषध एम३ रिसेप्टरलाच चेतवतं, म्हणून ग्रंथी शिल्लक असेल तरच उपयोगी. अनियंत्रित दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असल्यास ते देत नाहीत.

लाळमापन काही न चघळता करायचं: मिनिटाला ०.१ मिलि किंवा कमी म्हणजे या आजाराच्या वर्गीकरणाच्या निकषांत १ गुण. ॲलर्जीच्या वा नैराश्याच्या काही गोळ्याही लाळ कमी करतात. त्या चालू असताना मोजलेला आकडा फसवतो. मात्र नैराश्याची गोळी परस्पर थांबवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.