झांक्यांच्या रात्री २५ जणांसाठी भुट्ट्याचा कीस: प्रमाण आणि आगाऊ तयारी

लोकमान्यनगरची
इंदुरात अनंत चतुर्दशीला झांक्या (कापड मिलांचे मिरवणुकीतले सजवलेले देखावे) बघायला पुण्या-नाशिकचे पाहुणे येताहेत, घरचे धरून २५ माणसं. विसर्जन आटोपलं की सगळे जेल रोडकडे निघणार आणि मध्यरात्रीनंतर परतणार. तेव्हा गरम कीस द्यायचा आहे, जिलबी सराफ्यातून (इथला रात्रीचा खाऊबाजार) येईल. भुट्टे (मक्याची कणसं) किती घ्यावेत? दुपारीच किसून ठेवले तर चालेल का? आणि एवढ्या मापाला मिक्सर वापरला तर काय बिघडतं?

रामबागकर
सोबत जिलबी आहे तर माणशी एक मध्यम भुट्टा पुरे. २५ भुट्ट्यांचा साधारण अडीच किलो कीस निघतो. त्याला सव्वा लिटर दूध, पाव किलो साजूक तूप, दोन मोठे चमचे जिरं, एक मोठा चमचा मोहरी, पाऊण छोटा चमचा हिंग, १२-१५ हिरव्या मिरच्या आणि छोटा चमचाभर हळद. हळद याहून जास्त नको, कीस फिकट पिवळाच हवा. कांदा-लसूण यात मुळात नसतोच, त्यामुळे चतुर्दशीला अडचण नाही.

सगळं भुट्ट्यावर अवलंबून आहे. देशी घ्या, स्वीट कॉर्न नको: त्यात साखर आणि पाणी जास्त, पिठूळपणा कमी, म्हणून कीस गोड आणि गिळगिळीत होतो. दाण्यात नख रोवून बघा. पांढरं दूध उडालं तर उत्तम. पाणी निघालं तर भुट्टा कोवळा, काहीच निघालं नाही तर जून. जून भुट्टा दूध पिऊन टाकतो आणि तरीही दाताखाली रवाळ लागतो.

किसणीच्या मोठ्या भोकांवर वरून खाली किसा आणि कणसाचा दांडा लागायच्या आत थांबा. किसताना दाण्याची साल बरीचशी दांड्यावरच राहते. मिक्सरमध्ये ती वाटली जाते, शिवाय लगदा बारीक होऊन तळाला धरतो. मिक्सरशिवाय इलाजच नसेल तर पाणी न घालता, थांबत थांबत, जाडसर फिरवा.

तुपात मोहरी, जिरं, हिंग, मिरची, हळद, मग कीस. मध्यम आचेवर सतत हलवत २० मिनिटं तरी परता. कच्चा वास गेला, गोळा कडेने सुटायला लागला आणि तूप दिसू लागलं की मगच दूध, तेही गरम, तीन वेळा थोडं थोडं करून. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच: घाईने दूध आधी ओततात, मग कीस भाजला न जाता नुसता शिजतो आणि त्याची खीर होते. अडीच किलो एका कढईत घालू नका, वाफ कोंडते आणि परतणं होत नाही. दोन घाणे करा, जाड बुडाच्या कढईत.

राजेंद्रनगरकर
वरचं सगळं बरोबर. आगाऊ तयारीचं सांगतो. कच्चा कीस भाद्रपदाच्या दमट हवेत काही तासांत आंबतो, म्हणून तो किसून बाहेर ठेवू नका. दुपारी किसून लगेच तुपात पूर्ण परतून घ्या, दूध मात्र घालू नका. पसरट ताटात निववून फ्रिजमध्ये ठेवा. रात्री कढईत गरम करून गरम दूध घातलं की १०-१२ मिनिटांत तयार.

याचा दुसरा फायदाही आहे. माणसं एकदम परतत नाहीत. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशा मिलांच्या झांक्या, मध्ये आखाडे, मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, पण कामगारांनी झांकी सोडली नाही. पाहुण्यांना हे आवर्जून सांगा, आणि घाई करून त्यांना परत बोलावू नका. जेवढे आले तेवढ्यांपुरतंच दूध घाला.

मल्हारगंज_स्वयंपाकघर
दोन गोष्टी राहिल्या. मीठ आणि चिमूटभर साखर दूध आटल्यावर घाला. लिंबू कढईत पिळूच नका, दूध फाटतं. ते वाढताना वाटीवर पिळायचं, सोबत ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

जिरावन (इंदुरी मसाल्याची पूड) हवी तर वरून चिमूटभरच. ती पोह्यांवर आणि हिवाळ्यात गराडूवर (तळलेला कंद) शोभते, किसावर सढळ टाकली तर मक्याची चव मारते. घरी करायची तर धणे १०० ग्रॅम, जिरं ५०, बडीशेप २५, मिरी १०, लवंग-दालचिनी ५-५, दोन मसाला वेलच्या, तीन तमालपत्रं मंद भाजा. पूर्ण गार झाल्यावर दळा, नाहीतर वाफेने गुठळ्या होतात. मग आमचूर ४० ग्रॅम, काळं मीठ ३०, लाल तिखट २०, सुंठ १०, थोडी हळद आणि हिंग मिसळा.

लोकमान्यनगरची
दुपारी परतून ठेवायचं नक्की केलं. आणि रात्री उतरवताना किती घट्ट ठेवू?

रामबागकर
पळीवरून सावकाश ओघळेल इतका सैल. वाटीत गेल्यावर पाच मिनिटांत तो आपोआप आळतो. कढईतच घट्ट केलात तर शेवटच्या माणसाला गोळा मिळेल. अर्धा लिटर दूध वेगळं गरम ठेवा, आळला की पळीभर घालून हलवायचं.