मदत हवी आहे : अंथरुणाला खिळलेल्या मावशींपुढे 2 करिंथ 12 (बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 12वा अध्याय) कसा मांडू?

रविवारी घरगुती प्रार्थनासभेत दहा मिनिटं बोलायचंय. ज्यांच्या घरी सभा आहे त्या मावशींना पक्षाघात झालाय. बायबल उशीवर ठेवून डाव्या हाताने पानं उलटतात. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या 'शरीरातल्या काट्यावर', म्हणजे त्याच्या न सुटणाऱ्या त्रासावर, बोलेन म्हणते. त्याने तीनदा विनवणी केली, काटा राहिलाच, देवाकडून 'माझी कृपा पुरे' एवढंच उत्तर मिळालं. पण धडधाकट माणसाच्या तोंडी हे नुसता उपदेश वाटतं. गिदोनाचे 300 जण (मूठभर माणसांनी लढाई जिंकल्याची बायबलमधली गोष्ट) घेऊन पाहिले, तिथे शेवटी विजय आहे. बायबलमधलं स्तोत्र 88 अंधारातच संपतं, फार जड. बरं झाल्याच्या साक्षी नकोत, त्या मावशींनी पुष्कळ ऐकल्यात. 9व्या वचनातल्या 'अशक्तपणा'चा मूळ ग्रीक शब्द आजारपणालाही वापरतात. मग पौल इथे आजाराबद्दलच बोलतोय असं ठामपणे म्हणता येईल का?