विहिरीच्या पाण्यानं सोन्याचं लाल द्रावण निळं झालं. फवारणीच्या औषधाचा अंश समजायचा का?

पांढरकवड्याचा मास्तर
मी केळापूर तालुक्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी अमरावतीला एम.एस्सी. करतो. सुटीत येताना त्यानं सोन्याच्या नॅनोकणांची बाटली आणली, सायट्रेटनं बनवलेली, स्वच्छ लाल. गावच्या विहिरीचं पाणी त्यात टाकलं तर द्रावण बघता बघता जांभळं, मग निळं झालं. डिस्टिल्ड वॉटर टाकलं तर लालच राहिलं.

विहीर पऱ्हाटीच्या वावराला लागून आहे. फवारणीचे पंप तिथंच भरतात, तिथंच धुतात. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. कणांचा रंग प्लाझ्मॉन अनुनादामुळे, म्हणजे प्रकाशानं कणांतले इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात त्यामुळे असतो आणि भोवतालच्या बदलानं तो सरकतो, हे माहीत आहे. मग हा निळा रंग औषधच दाखवतो ना? सरपंचांना सांगायचं आहे, म्हणून खात्री हवी.

नॅनो_नागपूर
सर, इतक्यात सरपंचांकडे जाऊ नका. मी याच कणांवर पीएच.डी. करते, हे बहुतेक पाण्याच्या जडपणाचं काम आहे.

सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण प्रभार असतो, म्हणून कण एकमेकांपासून दूर राहतात. साधारण 15 नॅनोमीटरच्या सुट्या कणांतले इलेक्ट्रॉन 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, त्यामुळे द्रावण लाल दिसतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन तो प्रभार झाकून टाकतात. कण गोळा झाले की शेजाऱ्याशेजाऱ्यांचे प्लाझ्मॉन जोडले जातात आणि शोषण 600 च्या पुढे सरकतं. साधं मीठ टाकूनही हेच होईल, वर्गात करून दाखवा. कॅल्शियम तर मिठातल्या सोडियमपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात पुरतं.

नुसत्या सोन्याला कॅल्शियम आणि कीटकनाशक यांत फरक करता येत नाही. त्यासाठी एन्झाइम लागतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं आपल्या शरीरातलं ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात, चाचणी त्यावरच बेतलेली आहे. नमुन्यात हे एन्झाइम टाकून थोडा वेळ ठेवायचं, मग ॲसिटिलथायोकोलिन, म्हणजे हे एन्झाइम ज्याचे तुकडे करतं ते रसायन, घालायचं. एन्झाइम शाबूत असेल तर थायोकोलिन तयार होतं, ते गंधकाच्या टोकानं सोन्याला चिकटतं, कण गोळा होतात आणि रंग निळा होतो. औषधानं एन्झाइम बंद पडलं असेल तर द्रावण लालच राहतं. म्हणजे तुम्ही समजत होता त्याच्या अगदी उलट. शिवाय जड पाणी द्रावण आधीच निळं करून टाकेल आणि विष असूनही दिसणार नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते.

वणीचा शेतकरी
मास्तर, मॅडम बरोबर सांगून रायल्या. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची दाय शिजत नाही, भांड्याले पांढरा थर बसते. तुमच्या विहिरीचंही तसंच असन. वावरापासून दूरच्या एखाद्या हातपंपाचं पाणी टाकून पाहा, जिथं फवारणीच नाही. तेही निळं झालं तं मॅडमचं खरं. पण पंप विहिरीवर धुणं आजच बंद करा, त्याले चाचणी कायले पायजे?

पांढरकवड्याचा मास्तर
पंप धुण्याचं आजच सांगतो, भाऊ. हातपंपाचं पाणीही आणतो. मॅडम, एन्झाइमची चाचणी शाळेत जमेल का? रंग डोळ्यांनी ओळखायचा तर जांभळ्यापाशी मुलांचं एकमत होत नाही.

नॅनो_नागपूर
रंग मोजायचं तुम्हाला सहज जमेल, सर. हिरवा आणि लाल असे दोन एलईडी घ्या. एकेकाचा प्रकाश नळीतून एलडीआरवर (प्रकाशानुसार रोध बदलणाऱ्या घटकावर) पाडा आणि दोन्ही शोषणांचं गुणोत्तर काढा. कण गोळा व्हायला लागले की लाल प्रकाशाचं शोषण वाढतं. मुलांना आलेख काढायला लावा.

एन्झाइमच्या चाचणीआधी मात्र कॅल्शियम काढावं लागेल, आणि प्रत्येक नमुन्याची एन्झाइमशिवायची एक नळी सोबत ठेवावी लागेल. ती निळी झाली तर तो नमुना बाद. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक तर ऑक्सॉन (त्यातल्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन आलेलं रूप) झाल्याशिवाय या चाचणीत नीट सापडत नाही, त्यामुळे शाळेतल्या निकालावरून पाणी पिण्याजोगं ठरवू नका. त्यासाठी नमुना कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेतच द्या, काचेच्या स्वच्छ बाटलीत, थंड ठेवून.

एन्झाइम फ्रीजमध्ये राहू द्या. सोन्याची बाटलीही तिथं चालेल, फक्त बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलं की कण गोळा होतात आणि परत सुटे होत नाहीत.