मदत हवी आहे: अ‍ॅक्सेसमधल्या लिंक टेबलांचा पत्ता कोडने बदलत नाही

राम राम मंडळी. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. कापसाची आवक, काटा पावत्या, गाठी, सरकी, सगळं अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये. डेटाची फाइल काट्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये, ऑफिसच्या तीन मशीनवर फक्त फॉर्म आणि रिपोर्ट, टेबलं त्या डेटाच्या फाइलला लिंक केलेली.

मागच्या आठवड्यात व्होल्टेज वाढून काट्यावरचं मशीन जळालं. बॅकअप होता म्हणून वाचलो. नव्या मशीनवर फोल्डर बदललं आणि आता कुठलाही फॉर्म उघडला की ३०४४ एरर, म्हणजे फाइलचा पत्ता चुकीचा. लिंक्ड टेबल मॅनेजरने १४ टेबलं हाताने जोडता येतात, पण तीन मशीनवर तेच तेच कोण करणार? बाहेर ट्रॅक्टरांची रांग आहे. म्हणून टेबलडेफ्सवर, म्हणजे कोडमधल्या टेबलांच्या यादीवर, लूप लावला; ज्यांचं कनेक्ट (लिंकचा पत्ता ठेवायची जागा) रिकामं नाही त्यांत नवा पत्ता भरला. एरर येत नाही. नंतर तपासलं तर पत्ता जुनाच! काय राहिलं?

जुना खोडकर: कनेक्ट बदलल्यावर त्याच टेबलावर रिफ्रेशलिंक, म्हणजे लिंक नव्याने जोडायची आज्ञा, चालवलं का भाऊ? त्याशिवाय बदल टिकत नाही. करंटडीबी, म्हणजे उघडा असलेला डेटाबेस, आधी व्हेरिएबलमध्ये घ्या. दर वेळी तो नवा ऑब्जेक्ट देतो, मग टेबलडेफ मध्येच हातातून सुटतं आणि ३४२० एरर येतो. आणि पत्त्यात नेटवर्कच्या फोल्डरला दिलेलं झेड ड्राइव्हसारखं अक्षर नको. एका मशीनवर झेड, दुसऱ्यावर वाय निघतो. दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्या.

धागाकर्ता: आठ टेबलं जोडली गेली, नवव्यावर अडकलं. ते एक्सेलचं आहे. शेठ स्वतः भाव एक्सेलमध्ये भरतात, त्यांना दुसरं काही जमत नाही.

जुना खोडकर: मग बरोबर आहे. एक्सेलच्या कनेक्टमध्ये आधी एक्सेलचं नाव आणि आवृत्ती असते, तुम्ही ती पुसली. अर्धविराम आणि लगेच डेटाबेस, अशी ज्यांची सुरुवात आहे तेवढीच बदला. एक्सेलची फाइल हलली असेल तर तिच्या कनेक्टमधला फक्त पत्ता बदला, बाकी तसंच ठेवा.

केळीवाला: हळू चालत असेल तर लूपच्या आधी डेटाची फाइल ओपनडेटाबेसने उघडून ठेवा, शेवटी बंद करा. नाहीतर दर टेबलाला लॉक फाइल (फाइल कोण वापरतंय याची नोंद) बनते आणि पुसली जाते. सावद्याला आमच्याकडे यानेच अडचण सुटली.

धागाकर्ता: १३ टेबलं झाली, एक्सेलला हात लावला नाही. तिन्ही मशीनवर फॉर्म उघडतायत. शेठला म्हटलं, आता काट्यावर स्टॅबिलायझर घ्या. म्हणे, कोड लिहिलाय ना तुम्ही?