बाबांना 'रिकन्स्ट्रक्शन'च्या काळातलं काही दाखवायचंय, कुठे नेऊ?

जास्वंद_एडिसन
बाबा साताऱ्याहून आलेत. शाळेत इतिहास शिकवायचे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे दर वर्गाला आवर्जून सांगायचे. आता मला विचारतात, "ते अर्पण करत होते तेव्हा इथल्या सुटलेल्या माणसांचं काय चाललं होतं? ते दाखव." म्हणजे यादवी युद्ध नको, त्यानंतरचा 'रिकन्स्ट्रक्शन'चा म्हणजे पुनर्रचनेचा, १८६५ ते ७७ हा काळ हवा. आम्ही न्यू जर्सीत. एक शनिवार-रविवार, तीनशे डॉलरच्या आत, विमान नको, बाबांचे गुडघे दुखतात. सुचवा.

दक्षिणवारी
ब्यूफर्ट, साउथ कॅरोलायना. दुसरा विचारच करू नका. या काळाला वाहिलेलं राष्ट्रीय उद्यान तिथे आहे. सेंट हेलेना बेटावरची पेन स्कूल १८६२ ची, युद्ध चालू असतानाच मुक्त झालेल्यांसाठी काढलेली. आणि रॉबर्ट स्मॉल्स! गुलाम असताना चार्ल्स्टन बंदरातून 'प्लँटर' बोट पळवून नेली, पुढे काँग्रेसवर (म्हणजे इथल्या संसदेवर) निवडून गेला, आणि ज्या मालकाच्या आवारात जन्मला ते घरच विकत घेतलं. आम्ही आठवडाभर होतो, सवानाही केलं. चार्ल्स्टनपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी.

टिळकरोड
ब्यूफर्टला +१. समुद्रही सुंदर आहे.

मीनल_व
त्यांनी विमान नको लिहिलंय हो. पण जायचंच तर अलाबामातल्या माँटगोमेरीला जा. लिंचिंगमध्ये मारलेल्यांचं स्मारक २०१८ ला उघडलं. आठशेहून जास्त पोलादी खांब, एकेका काउंटीचा एकेक. मी तिथून बाहेर पडले तेव्हा बोलता येत नव्हतं.

अभ्यासू_काका
मीनलताई, ते स्मारक मुख्यतः १८७७ नंतरच्या हत्यांचं आहे. धागा त्याआधीच्या काळाचा आहे. शिवाय पुनर्रचना फसली कशी, हे तिथे कळत नाही.

खडकवासला
काका, 'फसली' म्हणू नका. हाणून पाडली. १८७३ चंच घ्या, 'गुलामगिरी'चं वर्ष. एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी लुइझियानात कोलफॅक्सच्या कोर्टाला गोऱ्यांच्या टोळीने वेढा घातला आणि शरण आलेल्या काळ्या माणसांनाही मारलं. केंद्राने खटला भरला, आरोपी दोषी ठरले, तर १८७६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा उडवल्या. सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी घटनेची १४ वी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी टोळ्यांना नाही, म्हणे. तिथे १९५० च्या सुमारास जी पाटी लागली तिच्यावर या कत्तलीला 'दंगल' म्हटलं होतं. ती २०२१ ला हटली. साताऱ्याच्या गुरुजींना हे जरूर सांगा.

दोन_पोरींची_आई
त्याच १४ व्या दुरुस्तीमुळे (१८६८) आमच्या मुली जन्मतः इथल्या नागरिक आहेत. आम्ही व्हिसावर होतो. आपल्या लोकांना हे ठाऊकच नसतं, आणि मग काळ्यांबद्दल वाटेल ते बोलतात. मला फार राग येतो.

अभ्यासू_काका
दुरुस्त्या झाल्या, पण जमीन मिळाली का? १८६५ च्या जानेवारीत उत्तरेच्या सेनापती शर्मनने किनाऱ्यावरची जमीन सुटलेल्या गुलामांना कुटुंबामागे चाळीस एकरपर्यंत द्यायचा हुकूम काढला. लिंकन गेल्यावर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने बरीचशी मूळ मालकांना परत केली. कुळकायदा करून वर्षभरात मागे घेतल्यासारखं. थॅडियस स्टीव्हन्स हा खासदार काँग्रेसमध्ये मळेवाल्यांच्या जमिनी वाटायला सांगत होता, कुणी ऐकलं नाही. जॉन्सनवर महाभियोग आणण्यात तो पुढे होता. १८६८ ला सेनेटमध्ये एका मताने जॉन्सन वाचला, स्टीव्हन्स त्याच ऑगस्टमध्ये वारला. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला पुरलाय, मुद्दाम अशा दफनभूमीत जिथे वर्णाची अट नव्हती. पण त्यासाठी कुणी प्रवास करत नाही. तुम्ही वॉशिंग्टनला जा.

परागकण
वॉशिंग्टनला +१. स्मिथसोनियनचं आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय फुकट आहे, पण वेळेचा पास आधी काढा. चाकाची खुर्चीही मिळते. आम्ही आईला घेऊन शहरातल्या दुसऱ्या एका जुन्या घरी गेलो, तर ते दुरुस्तीसाठी बंद, आणि दारापर्यंत नुसत्या पायऱ्या. कुठेही जा, आदल्या दिवशी फोन करा.

टिळकरोड
ब्यूफर्टच.

जास्वंद_एडिसन
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. कोलफॅक्सचा दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "लँकेस्टर किती लांब?" गाडीने अडीच तासांच्या आसपास. शनिवारी तिथेच जातोय, पोळीभाजी घेऊन.

अभ्यासू_काका
अहो, तिथे एक थडगं आहे फक्त. अर्ध्या तासात बघून होईल.

जास्वंद_एडिसन
काका, मी थडग्यावरच्या लेखाचा मराठी अर्थ लावून दिला. इतर दफनभूमींच्या सनदेतच वर्णाची अट होती म्हणून ही जागा निवडली, आयुष्यभर मांडलेलं समतेचं तत्त्व मरणानेही दाखवावं, असं त्याने लिहून ठेवलंय. बाबांचं म्हणणं, जमीन द्या म्हणणारा माणूस आधी बघू, संग्रहालय पुढच्या खेपेला. परागकण, पासचं लक्षात ठेवते.

दक्षिणवारी
पुढच्या खेपेला तरी ब्यूफर्ट करा. मार्चमध्ये हवा छान असते. आम्ही राहिलो तिथे जिने नव्हते, हवं तर विपूत (विचारपूस) निरोप टाका.