जनुके तीच राहतात, त्यांचे वाचन बदलते

‘व्यायामाने जनुके बदलतात’ या विधानात एक दुरुस्ती आवश्यक वाटते. जनुकांमधील डीएनएचा क्रम बदलत नाही. कोणते जनुक किती कार्यरत राहील, हे बदलते. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेचा २०१४ सालचा प्रयोग मला याबाबत विशेष पटतो. त्यात २३ निरोगी तरुण स्त्री-पुरुषांनी तीन महिने, आठवड्यातून चार वेळा, ४५ मिनिटे केवळ एकाच पायाचा व्यायाम केला. दुसरा पाय त्याच शरीराचा असल्याने आहार, वय आणि आनुवंशिकता दोन्ही पायांना समानच होती. तरीही डीएनएवरील मिथाइल-खुणांमधील (जनुक किती कार्यरत राहील हे ठरवण्यात भाग घेणाऱ्या रासायनिक खुणांमधील) बदल प्रामुख्याने व्यायाम केलेल्या पायाच्या स्नायूतच आढळले.

चयापचयाचा मुद्दा याला जोडूनच येतो. स्नायूच्या आकुंचनात ऊर्जा खर्च झाली की ऊर्जेची कमतरता ओळखणारे एएमपीके हे विकर (एन्झाइम) जागृत होते, पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन वाढते आणि त्याच्या चालनेने कालांतराने स्नायूत तंतुकणिकांची (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची) संख्या वाढते. शिवाय रक्तातील साखर स्नायूपेशीत घेणारे ग्लूट-४ हे शर्करावाहक इन्सुलिनच्या संकेताविनाही पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि टाइप २ मधुमेहात हा मार्ग बऱ्याच अंशी शाबूत असतो, ही मला सर्वांत दिलासादायक बाब वाटते. मात्र व्यायामानंतर वाढलेली इन्सुलिन-संवेदनशीलता (इन्सुलिनला पेशींनी दिलेला प्रतिसाद) एक-दोन दिवसांत ओसरू लागते. म्हणूनच मधुमेहींनी व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे सांगितले जाते.